चौकीला तीन कुलुपं

या घरात भांडण झालं की आवाज चढत नाही, कुलूप चढतं. बाकीच्या घरांत भांडी आपटतात, दारं आपटतात, कोणीतरी न जेवता झोपतं. इथे तसलं काही नाही. तीन पिढ्या कुलुपं-किल्ल्या करून पोट भरलेल्यांचं घर. राग आला की माणूस उठतो, समोर दिसेल त्या कपाटाला एक कुलूप अडकवतो, किल्ली खिशात टाकतो आणि शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसतो. मागे नाना आणि आत्या या भावाबहिणीचं बिनसलं होतं, तेव्हा साखरेचा डबा आठवडाभर कुलपात होता आणि सगळं घर तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पीत होतं. गंमत म्हणजे ते कुलूप उघडायला घरातल्या कोणालाही एक वाकवलेली तार आणि चहा निवण्याइतका वेळ पुरला असता. पण कोणी हात लावला नाही. आजोबांचा नियमच होता तसा: दुसऱ्याचं कुलूप विचारल्याशिवाय उघडायचं नाही. ज्याला सगळीच कुलुपं उघडता येतात त्याने तरी हे पाळलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यात आणि चोरात फरक काय, असं ते म्हणत.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. नियम मात्र घरात राहिला, आणि चौकीच्या उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकत्र बसले तेव्हा तो उद्या आपल्याच पायात येणार आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बैठक वरच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाभोवती. खाली रस्त्याला लागून दुकानाच्या दोन खोल्या, मधे दार नसलेल्या. मागची नानांची, तिथे ते अजूनही किल्ल्या घासत बसतात. पुढची, रुंद शटरची, आजोबांनी आत्याच्या नावावर केलेली. त्या खोलीत आजोबा बसायचे, पुढे नाना बसायचे, आणि गिऱ्हाइकासाठी उठबस करायला त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती रिकामीच होती. आत्याने गेल्या महिन्यात ती पोलीस चौकीसाठी देऊन टाकली. कागदावर सही करून आली आणि मग घरी सांगितलं. हीच तिची रीत.

चौकी सगळ्यांत जास्त कोणाला हवी होती, तर काकूला. पण धाकट्या सुनेने या घरात मत मांडायचं म्हणजे ते आधी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी घालावं लागतं, आणि त्यात काकूने आता चांगलाच हात बसवला होता. पुढच्या कोपऱ्यावर तिचा कॉम्प्युटरचा क्लास. संध्याकाळी मुली बाहेर पडल्या की मोटरसायकली घेऊन टोळकं हजर. शिट्ट्या, कट मारणं, एकदा तर एकीची ओढणीही ओढली. तक्रार द्यायची तर मोठं ठाणं पुलापलीकडे, दोन बस बदलून. तिथे अर्धा दिवस बाकावर बसायचं आणि शेवटी "नुसत्या शिट्ट्याच ना?" हे ऐकून परत यायचं. काकू एकदा गेली होती. दुसऱ्यांदा गेली नाही. त्या महिन्यात क्लासच्या चार मुली कमी झाल्या.

"वन्सं," तिने आत्याच्या कपात चहा ओतत सुरुवात केली, "तुम्ही म्हणत होतात ना, की दाराशी पोलीस असला की जिवाला बरं?"

आत्या असं काही म्हणाली नव्हती. पण आपण काही शहाणपणाचं बोललो होतो असं कोणी सांगितलं की ती कधी नाकारत नसे.

"म्हणत होते तर," ती म्हणाली. "पण आधी मला नीट कळू दे. काय गं फौजदारीणबाई, माझ्या खोलीत तुम्ही चोर आणून कोंबणार का?"

फौजदारीणबाई म्हणजे नानांची मुलगी. घरात तिला बबडी म्हणत. बाहेर तिच्या खांद्यावर दोन तारे होते. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं, आणि कुलुपाच्या पोटातल्या खाणाखुणा नानांनी शिकवल्या. मग ती पोलिसात गेली आणि नानांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. बंद नाही, कमी. "जेवलीस का" आणि "दिवा मालव" एवढं उरलं. एक अट मात्र पहिल्याच दिवशी घातली होती, की त्या कपड्यांत घराचा आणि दुकानाचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून ती रोज ठाण्यातच कपडे बदलून, गणवेश पिशवीत कोंबून घरी यायची. आत्या तो धुऊन गच्चीवर दोन चादरींच्या मधोमध वाळत घालायची, नानांना दिसू नये म्हणून. नानांना अर्थातच सगळं माहीत होतं. चादरी इतक्या वेळा कोण धुतं?

"आत्या, चोरबिर काही नाही," बबडी म्हणाली. "कोठडीच नाही तिथे. एक टेबल, चार खुर्च्या, एक फोन. मी आणि तीन शिपाई. लोकांनी यायचं, बसायचं, बोलायचं. कोणाची सायकल गेली, कोणाचा म्हातारा वाट चुकला, कोणाच्या क्लासबाहेर टोळकं उभं असतं."

"बसायचं आणि बोलायचं?" काकाने विचारलं. काका म्हणजे तिघा भावंडांत शेंडेफळ, शाळेची गाडी चालवणारा, काकूचा नवरा. "मग ती पोलीस चौकी की गप्पांचा कट्टा?"

"थोडं तसंच. आम्ही तुम्हाला ओळखायचं, तुम्ही आम्हाला. मग भांडण पेटायच्या आधी कळतं."

"नको बुवा," काका म्हणाला. "मला ओळखू नका. माझी गाडी रोज समोर लावलेली असते, चुकीच्या बाजूला. दारात पोलीस म्हणजे रोज दंड."

"मग बरोबर बाजूला लावा की," काकू म्हणाली.

"बरोबर बाजूला उतार आहे. हँडब्रेक धरत नाही."

बबडीने कप खाली ठेवला.

"काका. शाळेची मुलं बसतात त्या गाडीचा हँडब्रेक धरत नाही?"

"धरतो," काका घाईने म्हणाला. "धरतो, पण मनापासून धरत नाही."

"उद्या दुपारच्या आत दुरुस्त करून आणायचा. मी बघणार आहे."

"घ्या! चौकी अजून उघडली नाही आणि पहिला गुन्हेगार घरातच सापडला!" काकाने हात जोडले. "माझा विरोध. लिहून घ्या."

काकू गालात हसली. नवऱ्याला तिच्याइतकं कोण ओळखणार? "बरं झालं," ती म्हणाली, "नाहीतर ती परिसर समिती की काय असते ना, तिच्यावर यांनाच घेणार होते म्हणे. मोठ्या साहेबांच्या शेजारची खुर्ची. आता समोरच्या डेअरीवाल्याला घेतील."

"डेअरीवाल्याला?" काका खुर्चीत सरळ झाला. "त्याला दुधात पाणी किती घालायचं ते कळत नाही, तो परिसराचं काय बघणार? खरंच मला घेणार होतीस, बबडे?"

बबडीने काकूकडे पाहिलं. काकू साखर ढवळत होती. "घ्यायचा विचार आहे," बबडी म्हणाली.

"मग माझा पाठिंबा. सामाजिक काम आहे शेवटी."

एक मत फिरलं म्हणून काकूने सुटकेचा श्वास सोडला, तोच दुसरं निसटलं. आत्या इतका वेळ कसला तरी विचार करत होती.

"ते तीन शिपाई," ती म्हणाली. "दिवसभर बसणार. चहा पिणार. मग जाणार कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे जाणार कुठे, कळतं का? मागच्या बाजूला जे आहे ते माझं आहे. मी रोज स्वतः घासते ते."

"आत्या, करारात लिहिलं आहे. तू सही केलीस."

"सही मी खोलीसाठी केली. संडासासाठी नाही केली." आत्याने पदर खोचला, म्हणजे विषय संपला. "ज्याला जायचं त्याने पुलापलीकडे जाऊन यावं. नाहीतर खोली मिळणार नाही. माझी खोली, माझी मर्जी."

मग जो गोंधळ झाला त्यात काका चौकीच्या बाजूने तावातावाने बोलत होता, आत्या विरोधात गेली होती, आणि काकू बिचारी दोघांच्या मधे बसून बशीतले बिस्किटांचे तुकडे एका रांगेत लावत होती. बबडी समजावत होती. रोज घासायला माणूस ठेवू. तिथे वेगळं दार काढू. आत्या म्हणेल तसं. ती हसून बोलत होती, पण काकूला तिचा टेबलाखाली हलणारा पाय दिसत होता. काकूला एकटीलाच माहीत होतं की मोठ्या साहेबांनी तिला काय सांगितलंय. उद्या सकाळी चौकी उघडली तर उघडली. घरमालकाच्या कुरबुरीत अडकली, तर बाजाराजवळ दुसरी जागा तयार आहे, फलक तिकडे जाईल. बबडीने शहरातली चांगली नेमणूक सोडून ही चौकी मागून घेतली होती. का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा ती काहीतरी गोलमाल बोलली होती. काकूला मात्र तिने सरळ सांगितलं होतं. "बाजाराजवळ झाली तर लोकांचं काही बिघडणार नाही, काकू. माझंच बिघडेल. नानांनी एकदा तरी मला काम करताना बघावं एवढंच मला हवं आहे."

नाना टेबलाच्या टोकाला बसून एक किल्ली घासत होते. संपूर्ण बैठकीत त्यांच्या कानशीचाच तेवढा एकसारखा आवाज येत होता. तो थांबला तसे सगळे थांबले.

"झालं का सगळ्यांचं?" नानांनी किल्ली उजेडात धरली. "खोली तिची, तिने दिली. मला विचारलं नाही, ते पण ठीक. फक्त एक लक्षात ठेवा. त्याच दारात, त्याच शटरपुढे माझा बाप किल्ली हातात घेऊन उभा होता. थांबा, उघडतो, म्हणत होता. आणि त्यांनी पहारीने कुलूप तोडलं."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, तरी कोणी मान वर केली नाही. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याकडे चोरी झाली होती, कुलूप न तुटता उघडलेलं. म्हणजे काम कुलूपवाल्याचंच, हा हिशेब पोलिसांना सोपा गेला. आजोबांना रात्रभर ठाण्यात बसवलं. दुसऱ्या दिवशी कापडवाल्याचाच पुतण्या माल विकताना सापडला. आजोबा घरी आले, आंघोळ केली, दुकानात बसले आणि पुन्हा त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. रात्रभर बसवल्याचं दुःख त्यांना नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याचं कुलूप न विचारता उघडलं नाही, त्याचं कुलूप त्याच्या डोळ्यांदेखत, गल्लीसमोर तोडलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. नाना तेव्हा मिसरूड फुटलेला मुलगा. ते शेजारीच उभे होते.

"नाना, ते मी नव्हते," बबडी हळूच म्हणाली.

"कपडे तेच आहेत," नाना म्हणाले आणि उठून गेले.

रात्री घरात निजानीज झाली असं ज्याला त्याला वाटलं. प्रत्यक्षात तिघं भावंडं, वेगवेगळ्या वेळी, एकेकदा जिना उतरून आली.

सकाळी आत्या झाडू घेऊन खाली गेली. रात्रभरात तिचा राग उतरला होता. शिपाई झाले म्हणून काय, माणसंच ती, असा विचार करून तिने एक नवी बादलीसुद्धा काढून ठेवली होती. शटरपाशी आली आणि बघते तो काय? डाव्या बाजूला तिचं स्वतःचं कुलूप. ते तिनेच रात्री लावलं होतं, रागाच्या भरात. उजव्या बाजूला काकाचं. आणि मधल्या कोयंड्याला एक जुनं, हाताच्या पंजाएवढं, सात खटक्यांचं कुलूप. ते नानांचं, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. असं कुलूप करणारा माणूस त्या भागात दुसरा उरलाच नव्हता.

"अगं बाई," आत्या म्हणाली आणि पायरीवरच बसली.

काकाचं कुलूप का होतं, तर त्याला आत्याचा भरवसा नव्हता. संडासावरून अडून बसली तर ती रात्रीतून खोलीत आपली जुनी कपाटं आणून भरेल आणि आपली समितीवरची खुर्ची जाईल, अशी त्याला भीती. आता तो फुलं आणि लाल फीत आणायला गेला होता, किल्ली खिशात घेऊन.

बबडी आली ती पोलिसांच्या गाडीतून, कडक इस्त्रीच्या गणवेशात, आणि तिच्यामागे मोठे साहेब. गल्ली आधीच जमली होती. डेअरीवाला, शिंपी, काकूच्या क्लासच्या मुली, त्यांच्या आया, कोणी कडेवर पोरं घेऊन. सगळे शटरकडे बघत होते, आणि शटरवर तीन कुलुपं छातीवर पदकं मिरवावीत तशी लटकत होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. ते तसे भले गृहस्थ होते, पण त्यांना त्या दिवशी आणखी दोन उद्घाटनं होती आणि घाम पुसायचा रुमाल गाडीत राहिला होता.

"घरचे लोक काळजी घेतात, साहेब," बबडी म्हणाली.

"तीन-तीन?"

"जास्त काळजी घेतात."

आत्याने पुढे होऊन आपलं कुलूप काढलं आणि जाता जाता साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बादली ठेवली आहे मागे. वापरा, पण पाणी टाका म्हणावं." साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली.

काका फुलांची टोपली डोक्यावर घेऊन आला. गर्दी बघून तो इतका खूश झाला की आधी सगळ्यांना नमस्कार करत फिरला. मग किल्ल्यांचा जुडगा काढला. पहिली लागेना, दुसरी लागेना, गाडीची लागेना. "तुमच्या बापजाद्यांचा धंदा ना हा?" शिंप्याने विचारलं. "म्हणूनच किल्ल्या जास्त आहेत," काका म्हणाला, आणि शेवटच्या किल्लीने कुलूप उघडलं तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या.

राहिलं मधलं.

हवालदार गाडीतून लांब दांड्याचा कटर घेऊन आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "करा मोकळं," ते म्हणाले. "तुम्ही सगळे घरचेच आहात ना? मग प्रश्न कसला?"

बबडी त्या कुलपासमोर उभी होती. लहान असताना असल्याच कुलपावर ती शिकली होती. खिशात साधी तार असती तरी पुरली असती. साहेब खोळंबले नसते आणि नानांना नंतर काहीतरी सांगता आलं असतं. खरं तर तिला नानांचा राग आला होता. एवढा एक दिवस, आणि तोही यांनी कुलपात घातला! तिने एकदा वर पाहिलं. वरच्या मजल्यावर पडदा हलला.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "कुलूप माझ्या वडिलांचं आहे, आणि ते घरात आहेत. मी विचारून येते."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर बाजाराजवळची जागा आहेच."

साहेबांनी तिच्याकडे, मग कुलपाकडे, मग गर्दीकडे पाहिलं. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

"कटर गाडीत ठेवा," बबडीने हवालदाराला सांगितलं आणि ती जिना चढायला लागली.

नाना पडद्यामागे खुर्चीत बसले होते. कटर आला तो त्यांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून ते त्या आवाजाची वाट बघत होते. लोखंड तुटताना आधी कुरकुरतं, मग एकदम हात सोडतं. तो आवाज त्यांच्या कानांत आयुष्यभर होता. सकाळी जाग आली तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली होती. पोरीच्या पहिल्या दिवसाला आपण कुलूप घातलं! पण आता तुटलंच तर आपण म्हणत होतो ते खरं ठरेल, असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं. ते वाट बघत राहिले आणि आवाज आला नाही. आला तो जिन्यावर बुटांचा.

बबडी उंबऱ्याबाहेर थांबली. गणवेशातच होती, त्यामुळे आत येण्याचा प्रश्नच नव्हता.

"नाना, मधलं कुलूप तुमचं ना?"

"माझंच."

"उघडता का?"

"कटर आणलाय की तुझ्या माणसाने. मी बघितलं."

"गाडीत ठेवायला सांगितला."

नानांनी चष्मा काढून पुसला. "तुला काय तोडायची गरज? तुला उघडता येतं."

"येतं," बबडी म्हणाली. "पण तुमचं आहे."

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खाली कोणाचं तरी पोर रडत होतं आणि काका कोणाला तरी मोठमोठ्याने समितीचं महत्त्व सांगत होता.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर साहेबांना चहा देते आणि चौकी बाजाराजवळ नेते. मी पण तिकडेच जाईन. वाईट वाटेल मला, नाना. खूप वाईट वाटेल. पण कुलूप तोडणार नाही."

नाना खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. गुडघे कुरकुरले.

"चल," ते म्हणाले. मग दोन पावलं चालून थांबले आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "किल्ली नाही माझ्याकडे."

"कुठे आहे?"

"आत."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे दुकानात. रात्री कुलूप लावलं आणि शटरखालच्या फटीतून किल्ली आत ढकलून दिली. रागाच्या भरात."

बबडीने त्यांच्याकडे बघितलं. "नाना," ती म्हणाली, "तुम्ही कुलूपवाले ना?"

"कुलूपवाल्याला राग येत नाही का?" नाना ओरडले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. बबडी दाराच्या चौकटीला टेकून इतकी हसली की तिची टोपी तिरकी झाली. बापलेक एकत्र हसले त्याला कितीतरी वर्षं झाली होती, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं. त्यामुळे हसणं जरा लवकर थांबलं.

दोघं खाली आले तेव्हा गर्दी बाजूला झाली. नानांनी साहेबांना नमस्कार केला नाही, पण मान किंचित हलवली. मग खिशातून वाकवलेली तार काढून बबडीच्या हातात ठेवली. "माझे हात थरथरतात हल्ली," ते म्हणाले. "तू उघड. मी सांगतो म्हणून उघड."

बबडी गणवेशातच शटरपुढे गुडघ्यांवर बसली. नाना शेजारी वाकून उभे राहिले.

"चौथा खटका आधी बसतो."

"माहीत आहे."

"घाई नको करू. कान दे."

"नाना, गर्दी आहे, ऐकू येत नाही."

"शांत राहा रे सगळे!" नाना गरजले, आणि अख्खी गल्ली, साहेबांसकट, चिडीचूप झाली. काकाने फुलांची टोपली छातीशी धरली. आत्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

एकामागून एक खटके बसत गेले. सातवा बसला तेव्हा कुलपाचा आकडा अलगद सुटला. गल्लीत असा गलका झाला की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"फौजदार," साहेब खाली वाकून म्हणाले, "हे तुमच्या प्रशिक्षणात नव्हतं."

"माझ्या प्रशिक्षणात होतं," नाना म्हणाले.

"आणि परवानगीने आहे, साहेब!" काका मागून ओरडला. "मालकाच्या परवानगीने! मी समितीतर्फे साक्षीदार आहे!"

शटर वर गेलं. आत टेबल, चार खुर्च्या, नवा फोन, भिंतीला टेकवून ठेवलेला, अजून न लावलेला फलक. काकूच्या क्लासच्या मुली पुढे सरकून आत डोकावू लागल्या. साहेबांनी फीत बांधायची राहिली का असं विचारलं, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नाना सवयीने सगळ्यांच्या आधी आत शिरले होते. पायाशी पडलेली किल्ली त्यांनी वाकून उचलली, सदऱ्याला पुसली आणि मागे वळून पाहिलं.

बबडी बाहेरच थांबली होती. पाय उंबऱ्याशी येऊन आपोआप थबकले होते, रोजच्यासारखे. सगळी गल्ली तिच्या मागे खोळंबली होती, आणि तिचा एक हात टोपी काढायला वर गेला होता.

"काय करतेस?" नानांनी विचारलं.

"काही नाही. टोपी..." चौकीवरची अधिकारी आपल्याच चौकीबाहेर उभी राहून वडिलांकडे बघत होती.

नाना दोन पावलं पुढे आले. तिची मघाशी हसताना तिरकी झालेली टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने सरळ केली.

"राहू दे, बबडे," ते म्हणाले. "तशीच ये आत."